तीन रविवार टिकलं तर आपलं

सर, हे आत्ताच सांगायला पाहिजे. आत्ता म्हणजे आत्ता! तुमच्याच व्हरांड्यात बसून मोबाईलवर टाइप करतेय, पोरं नुकतीच गेलीत, काकू आत चहाचे कप विसळतायत. घरी जाऊन लिहीन म्हटलं तर तारनाक्याला पोचेपर्यंत हिंमत जाईल, मला माहितीये माझं. आणि मराठीत लिहितेय, कारण तुम्ही म्हणायचा, "इंग्रजीत तू हुशार वाटायलीस, मराठीत खरं बोलायलीस." वेलांट्या चुकतील. चुकू द्या.

तर झालं असं की आज मी "नाही" म्हणाले. तुमच्या वेताच्या खुर्चीत बसून, नववीतल्या एका मुलीला. "नाही. मला नाही पटत." आणि बोलून झाल्यावर कळेचना, की हे बोललं कोण? मी की तुम्ही?

थांबा, नीट सांगते. हे मी आपल्या ट्यूशनच्या सगळ्या जुन्या पोरांना पाठवणार आहे, आणि ज्यांनी तुम्हाला कधी बघितलंच नाही अशा लोकांनाही. त्यांना काय माहीत, हैदराबादेत विद्यानगरच्या एका गल्लीत कदमसर म्हणून एक माणूस चाळीस पोरांना गणित शिकवायचा, आणि अर्ध्या पोरांना मराठी येत नाही, अर्ध्यांना तेलुगू येत नाही, म्हणून सगळ्यांना कळेल अशी एक तिसरीच भाषा बोलायचा.

मी सहावीत होते. बाबांच्या नोकरीमुळे आम्ही पुण्याहून इकडे आलो होतो आणि मला इथलं काही म्हणजे काहीच आवडत नव्हतं. पहिल्याच दिवशी तुम्ही माझ्या हातात ताटली दिलीत. कोपऱ्यावरच्या बेकरीतली चाँद बिस्किटं, ती अर्ध्या चंद्रासारखी, जरा खारट. म्हणालात, "सगळ्यांना पुरतील का, सांग." मी बोटानं मोजायला लागले.

"मोजायचं नक्को."

"मग कसं सांगू?"

"वाट. एकेकाला एक. बिस्किट उरलं तर बिस्किटं जास्त. पोरगं उरलं तर पोरं जास्त. कोणीच नाही उरलं तर दोन्ही सारखे. मोजता येत नसेल तर वाटून बघायचं, काय पुणेकरीण?"

मी वाटली. सगळी वाटून झाली आणि उरले मीच, रिकामी ताटली घेऊन! सगळी पोरं खदाखदा हसली. मी रडायच्या बेतात. तुम्ही तुमचं बिस्किट मोडलंत, अर्धं मला दिलंत आणि म्हणालात, "हे घे. हा झाला अपूर्णांक." मला हैदराबाद त्या मिनिटाला आवडलं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

सातवीत ऋण संख्या आल्या. शून्यापेक्षा कमी काय असतं, असं कोणीतरी विचारलं. बाकीच्या शाळांत अशा पोराला गप्प बसवतात. तुम्ही आम्हा सगळ्यांना शेजारच्या अपार्टमेंटमध्ये नेलंत, वॉचमनला पटवलंत आणि पाच-पाच जणांना लिफ्टमधून खाली सेलरमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या पार्किंगमध्ये सोडलंत. लिफ्टच्या बटनावर लिहिलेलं होतं, वजा एक. तिथं अंधारात स्कूटरींच्या मधे उभं राहून तुम्ही म्हणालात, "युरोपातले मोठेमोठे पंडित शेकडो वर्षं म्हणत होते, असा आकडा नसतोच, मूर्खपणा आहे. ते येडे नव्हते रे. त्यांच्या घराला सेलर नव्हतं."

मग वर आल्यावर परत म्हणालात, "आधी सेलर बांधावं लागतं. मग वजा एक पटतो."

वर्गमुळात वजा एक आला तेव्हाही तेच. मी म्हटलं, याचं नावच 'काल्पनिक' ठेवलंय, मग खरं कसं मानायचं? तुम्ही वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघितलंत. "ज्याला घरात घ्यायचं नसतं त्याला असंच नाव ठेवतात. आता बघ, तू घाम पुसत नाहीयेस, कारण करंट आहे. त्या करंटच्या गणितात तोच काल्पनिक बसलाय. नाव बदलायचं राहून गेलं बिचाऱ्याचं." आणि तेवढ्यात करंट गेला. तुम्ही शांतपणे, "रागावला."

आणि रविवार! रविवारी धडा नसायचा. रविवारी फोडाफोडी. कोणाला काही नवीन सुचलं असेल, नवी रीत, नवा शॉर्टकट, काहीही, तर त्यानं उभं राहून सांगायचं आणि बाकीच्यांनी ते फोडायचं. तीन रविवार कोणालाच फोडता आलं नाही तर तुम्ही ते तुमच्या लांब वहीत लिहून घ्यायचा, पोराच्या नावानं. "तीन रविवार टिकलं तर आपलं." आठवीत मी एक शॉर्टकट आणला होता, आठवतंय? रात्रभर आनंदात होते. माझ्याच बॅचच्या श्रीकांतनं तो चार मिनिटांत फोडला. मी घरी जायला उठले तर तुम्ही मला बसवलंत. "रडायचं तर रड. पण एक ऐक. ज्यानं फोडलं ना, त्यानंच तुझं सगळ्यात नीट ऐकलं. बाकीचे वा वा करून बिस्किट खात होते."

हे वाक्य मी तेव्हा ऐकलं आणि विसरले. मुद्दा तोच आहे सर. मी विसरले.

मग मी कॉलेजला गेले. दुसऱ्या वर्षाला आम्हाला अनंत शिकवलं आणि माझं डोकंच फिरलं. बसमधून उतरले ती पळत तुमच्याकडे. दारातूनच ओरडले, "सर! सर! सम संख्या तेवढ्याच आहेत जेवढ्या सगळ्या संख्या!"

तुम्ही म्हणालात, "आधी चपला काढ."

चपला काढल्या. "ऐका ना. एक ला दोन द्या. दोन ला चार. तीन ला सहा. प्रत्येकाला त्याची दुप्पट. इकडं कोणी उरत नाही, तिकडं कोणी उरत नाही. म्हणजे सारख्या! सर, हे तर तुमचंच आहे! मोजता येत नसेल तर वाटून बघायचं!"

मला वाटलं, तुम्ही उडीच माराल. तुम्ही चष्मा काढलात, धोतराच्या टोकानं पुसलात, परत घातलात. "माहितीये मला. पुस्तकात असतं हे. शिकवलं पण आहे मी, मार्कांपुरतं."

"मग?"

"मग काय. पटलं नाही कधी. एक, तीन, पाच, सात, ह्या कुठं गेल्या? त्या उरल्या की. अर्धी भाकरी अख्ख्या भाकरीएवढी कशी?"

"पण वाटणी..."

"बिस्किटं संपतात गं, सईबाई. ताटली रिकामी झाली की मग बघायचं, कोण उरलं. तुझी ताटली रिकामीच होत नाही. मधेच उठून 'पुरली' कसं म्हणायलीस?"

 तुमच्या त्या ताटलीचा मला इतका राग आला! पुढच्या रविवारी मी ते फोडाफोडीत आणलं. कोणाला फोडता आलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारी नाही, त्याच्याही पुढच्या नाही. मी म्हटलं, "झाले तीन. लिहा वहीत." तुम्ही म्हणालात, "मुदत वाढवतो." असं कोणासाठीच केलं नव्हतं तुम्ही कधी! पोरं चिडवायला लागली, "सार, ये चीटिंग है." तुम्ही हसून, "हौ, है. माझी ट्यूशन, माझी चीटिंग."

तीन वर्षं, सर. तीन वर्षं मी दर रविवारी यायची आणि काहीतरी नवं आणायची. तुम्ही म्हणायचा, पुढच्या वेळी. काकू बाहेर येऊन म्हणायच्या, "अगं सोड त्यांना, लग्नाला इतकी वर्षं झाली, माझं एक म्हणणं पटलं नाही त्यांना." तुम्ही म्हणायचा, "तुझी पण मुदत वाढवलीय." मजा यायची. खरंच यायची. पण आत कुठेतरी मला दुखायचं, कारण सगळ्या जगातून मला एकाच माणसाचं 'हो' पाहिजे होतं. कॉलेजात सगळे हो म्हणत होते. तिथं ते परीक्षेला येतं म्हणून हो.

आता ते सांगते, जे सांगायला आज बसलेय.

शेवटच्या वेळी आपण भेटलो त्या रविवारी माझा पेपर वाईट गेलेला होता, हे काही कारण नाही, पण होतं. तुम्ही परत म्हणालात, "पटत नाही गं." आणि मी म्हणाले, सगळ्या पोरांसमोर म्हणाले, "सर, नवीन गणित जुन्या माणसांना पटून पुढं जात नसतं. जुनी माणसं जातात, तेव्हाच ते पुढं जातं."

असलं काहीतरी मी कुठंतरी वाचलेलं होतं आणि मला ते फार भारी वाटलं होतं.   तुम्ही ताटली माझ्याकडे सरकवलीत. हसलात. "मग थोडं थांब की, सईबाई."

मी बिस्किट घेतलं नाही. सॉरी पण म्हटलं नाही. परीक्षा आहे असं सांगून पुढचे दोन रविवार आले नाही. परीक्षा संपलेली होती, सर. मला तोंड दाखवायची लाज वाटत होती आणि थोडा रागही होता, दोन्ही एकत्र. दुसऱ्या शनिवारी तुमचा मिस्ड कॉल आला. तुमचा मिस्ड कॉल म्हणजे एकच अर्थ, 'ये'. मी बघितला. उद्या नको, पुढच्या रविवारी जाऊ, असं ठरवलं. बुधवारी दुपारी तुम्ही जेवून ह्याच खुर्चीत बसलात आणि काकूंना वाटलं डुलकी लागलीय, म्हणून त्यांनी पंखा एक नंबरानं वाढवला फक्त.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट आहे. तुमच्याकडे माझं शेवटचं वाक्य कोणतं राहिलं? ते राहिलं. 'जुनी माणसं जातात.' मला झोपेत पण ऐकू येतंय ते, माझ्याच आवाजात.

सोमवारी तेरावं झालं. काकू म्हणाल्या, पोरांच्या परीक्षा तोंडावर आहेत, येशील का रविवारी? मी हो म्हटलं. बेकरीतून चाँद बिस्किटं आणली. खुर्चीत बसायचं नव्हतं, पण पोरं म्हणाली, बसा दीदी, खाली बसलात तर दिसत नाही. बसले. म्हटलं, आज रविवार, फोडाफोडी. कोणाला काय सुचलंय?

श्रावणी उठली. तुमची श्रावणी, नववीतली, दोन वेण्या, सगळ्यांच्या आधी हात वर करणारी. ती म्हणाली, "दीदी, कोणताही नकाशा रंगवायला चारच रंग पुरतात. शेजारचे दोन देश एका रंगाचे येत नाहीत. प्रूव्ह झालंय."

म्हटलं, माहितीये. कसं प्रूव्ह झालं, सांग.

"कम्प्युटरनं. ढीगभर केसेस होत्या, सगळ्या त्यानं तपासल्या. माझा अण्णा, मोठा भाऊ, बोला, आता तर असे प्रोग्रॅम आहेत, प्रूफ ओळीओळीनं चेक करतात, माणसापेक्षा कमी चुकतात. तो फिर दीदी, आता आपण समजून कायकू घ्यायचं? मशीनला पटलं, तर झालं ना प्रूव्ह?"

आणि मी, जिचं वय तेवीस आहे, जी स्वतःला एवढी नवीन समजते, मी म्हणाले, "नाही. मला नाही पटत. मशीनला पटलं म्हणजे मला पटलं का? समजल्याशिवाय सिद्ध कसलं?"

 श्रावणी म्हणाली, "क्या दीदी, आप बी सरके जैसाइच बोल रै."

सगळी पोरं हसली. आतून काकू पण हसल्या, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मला हसूही आलं आणि रडूही. कारण सर, तुम्ही गेलात, म्हणजे माझ्या त्या शहाण्या वाक्याप्रमाणे आता सगळं पुढं जायला पाहिजे होतं ना? काही गेलं नाही. तुमचं 'नाही' उठलं आणि माझ्या तोंडात येऊन बसलं. वयाचा काही संबंधच नाही! ज्याला एखादी गोष्ट जिवापाड समजलेली असते, त्यालाच नवीन आलं की दार उघडायला वेळ लागतो. तुम्ही सेलरमध्ये उभं राहून हेच सांगत होतात आणि मी स्कूटरी बघत होते.

पोरं गेली. काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या, हातात तुमची लांब वही. म्हणाल्या, "हे घे. तुझंच आहे सगळं यात, मला काय कळत नाही. शेवटी शेवटी रोज दुपारी हेच घेऊन बसायचे. मी म्हणायची झोपा जरा. म्हणायचे, पोरगी रविवारी येणार, तयारी पाहिजे."

मी उघडली. मला वाटलं एखाद-दुसरं पान असेल.

सर, अर्धी वही आहे! एक खाली दोन, दोन खाली चार, तीन खाली सहा, तुमच्या त्या तिरक्या अक्षरात, पानंच्या पानं. विषम संख्यांना वेगळं उभं करून बघितलंय. मग त्यांनाही कोणाशी तरी जोडलंय, मग खोडलंय. बिस्किटांची चित्रं आहेत, छोटे छोटे अर्धचंद्र. एका कडेला लिहिलंय, 'सई म्हणते ते इथे अडत नाही.' दुसऱ्या पानावर, 'इथेही नाही.' तीन वर्षं मला वाटत होतं तुम्ही ऐकतच नाही. तुम्ही तर ते फोडायला बसला होतात. सगळ्यात नीट ऐकणारे तुम्हीच होतात, आणि मला वा वा पाहिजे होतं!

शेवटचं लिहिलेलं पान सांगते. वर लिहिलंय, 'बिस्किटं संपत नाहीत, म्हणून ती पुरली असं म्हणता येत नाही. बरोबर.' मग एक ओळ मोकळी. मग, 'पण संपतच नाहीत, तर मग विषम उरल्या असं तरी मी कशावरून म्हणतो?'

आणि खाली, 'सईला विचारणे.'

तुमची सवय मला माहितीये. वहीत लिहिलेलं काम झालं की समोर बरोबरची खूण करायची. दूध, लाईट बिल, अमक्याच्या बापाला भेटणे, सगळ्यांसमोर खूण. इथे नाहीये. मिस्ड कॉल ह्याचा होता, सर. मला वाटलं होतं, रुसवा काढायला बोलावताय.

मला पुस्तकातलं उत्तर येतं. पुस्तक म्हणतं की 'भाग लहान असतो' आणि 'वाटून सारखे निघाले तर सारखे', हे दोन्ही नियम बिस्किटांपुरते गुण्यागोविंदानं राहतात, अनंताकडे गेले की भांडतात, मग एकाला धरायचं आणि दुसऱ्याला सोडायचं. पण तुम्ही पुस्तकाला विचारणार नव्हता. मला विचारणार होता. आणि मी आले असते तर काय बोलले असते माहितीये? नाचले असते! 'हरलात सर, हरलात' म्हणाले असते. तुम्ही परत म्हणाला असता, आधी चपला काढ. आता मी वही मांडीवर घेऊन बसलेय आणि मला नाचावंसं वाटत नाही. मला फक्त म्हणायचंय की थांबा, हा प्रश्न माझ्यापेक्षा चांगला आहे, ह्याला मला पण वेळ लागेल.

वहीत तुम्ही माझं नाव घालून ते पक्कं लिहिलेलं नाहीये, हे पण बघितलं मी. सगळी पानं चाळली. नाहीये. शेवटपर्यंत मुदत वाढवलेलीच आहे. मी पण ते लिहिणार नाही, सर. माझ्या हातानं लिहिणं म्हणजे चीटिंग, आणि चीटिंग फक्त तुमची चालते.

एक केलं. श्रावणीला आत्ता फोन लावला. मिस्ड कॉल नाही, खरा फोन, उचलेपर्यंत धरून ठेवला. म्हटलं, पुढच्या रविवारी तो चार रंगांचा मुद्दा परत आण. मला पटलेलं नाही, पण मी आठवडाभर तो फोडायला बसणार आहे, तू पण तयारीनं ये. ती म्हणाली, "सरे दीदी," म्हणजे ठीक आहे, आणि मग, "दीदी, नाही फुटला तर?" म्हटलं, तीन रविवार बघू.

"और मुदत नक्को बढ़ाओ दीदी."

ते मी कबूल केलेलं नाही.

काकू विचारतायत, इतका वेळ काय टाइप करायलीस. जाते आता. ताटलीत एक बिस्किट उरलंय. आज पोरं मोजकी होती की बिस्किटं जास्त झाली, मी बघितलंच नाही. ते तसंच ठेवून जातेय, खुर्चीशेजारी.

आणि तुम्ही सगळे जे वाचताय, सरांना ओळखणारे, न ओळखणारे, मला एक सांगा ना. तुमचं कुणी असं होतं का, जे तोंडावर 'पटत नाही' म्हणत राहिलं आणि तुमच्या मागे तुमचाच मुद्दा घेऊन बसलं होतं? तुम्हाला ते वेळेवर कळलं का? आणि तुमच्याकडे असा एखादा मिस्ड कॉल पडून आहे का, ज्याचा माणूस अजून आहे?